खालून सुटली

बाजारात त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नाव ठेवणारे काचेच्या दुकानातले हमाल होते, आणि ही मंडळी कोणाला चांगलं नाव ठेवतील असा त्यांचा लौकिक नव्हता. पण हा गडी माणसापेक्षा उंच काच घेऊन अरुंद जिना चढायचा तेव्हा त्याच्या डोक्यावर भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून काचेचा टवकाही उडाला नव्हता. असं नाव मिळालं की माणूस सुखावतो. पुढे तेच नाव मानगुटीवर बसणार आहे हे त्याला कोण सांगणार?

मोठी काच एकटा माणूस नेत नाही. ती उभी धरायची, दोन टोकांना दोघांनी. चालताना गप्पा बंद. तीनच शब्द चालतात: ‘चल’, ‘टेक’ आणि ‘सोड’. चल म्हणजे चल. टेक म्हणजे थांब आणि काच रबराच्या तुकड्यावर उभी कर. हा शब्द कोणीही, कधीही म्हणावा, कारण विचारायचं नाही. आणि सोड म्हणजे काच गेली, तिला वाचवायला जाऊ नकोस, हात काढ आणि मागे हो. ‘सोड’ ऐकूनही जो धरून ठेवतो तो समोरच्याच्या जिवावर उठतो. आणि जो ‘सोड’ न म्हणताच सोडतो, त्याच्याबरोबर बाजारात पुन्हा कोणी काच उचलत नाही.

ओळंब्याच्या समोरच्या टोकाला पैलवान असायचा. पैलवान म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, वय चौतीस, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणूनच पैलवान. दुकानात त्याला ओळंब्यानेच आणलं, काच धरायला त्यानेच शिकवलं. अकरा वर्षं दोघं एकाच काचेची दोन टोकं धरून चालत होते. मेहुण्या-मेहुण्यांचं पटत नाही म्हणतात. यांचं पटायचं, कारण मध्ये काच होती, आणि भांडायचं तर आधी ती खाली ठेवावी लागली असती.

इतकी वर्षं एकत्र वाहिली की काचेतून समोरचा माणूस कळायला लागतो. तो आज जेवला नाही, त्याची झोप झाली नाही, घरून कुरबूर करून आला आहे, हे सगळं मनगटात येतं. काचवाल्यांना एकमेकांपासून फारसं काही लपवता येत नाही. ओळंब्याने तरीही लपवायचं ठरवलं, ही त्याची पहिली चूक.

त्याचं असं झालं. त्याच्या बायकोच्या छातीत गाठ निघाली होती. तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, पण ओळंबा हलला नाही. बायको रडली, पैलवान तिच्याहून जास्त रडला, आणि याने दोघांना पाणी आणून दिलं. रोज कामाला गेला, रोज वेळेवर परत आला. गाठ साधी निघाली, काढून टाकली. बायको शिवणाच्या कारखान्यात पुन्हा कामाला जाऊ लागली. घर पूर्वीसारखं झालं. आणि सगळं सुरळीत झाल्यावर, चार महिन्यांनी, एका दुपारी मोकळ्या हातांनी चौक ओलांडताना त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

हे आपण उठताबसता म्हणतो. बस चुकली तरी म्हणतो. त्याच्या पायाखालची मात्र खरोखर सरकली. रस्ता गादीसारखा दबला, पाऊल जिथे पडायला हवं होतं त्याच्या खाली कुठेतरी पडलं, गाड्यांचे आवाज लांब गेले, छातीत धडधड सुरू झाली आणि तळहात घामाने ओले झाले. त्याने विजेचा खांब गाठला आणि दोन्ही हातांनी मिठी मारली. पाच-सात मिनिटं तो तसाच उभा होता. एक बाई नाक मुरडून गेली. भरदिवसा ढोसून आलाय असं तिला वाटलं असणार.

मग तपासण्या झाल्या. कान बघितले, डोक्याचा फोटो काढला, रक्तदाब, साखर, मानेचे मणके, काही सोडलं नाही. सगळं ठीक. शेवटी मोहल्ल्यातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद बघून बाजूला ठेवले.

“तुमच्या कानात दोष नाही, डोक्यात नाही, हृदयात नाही,” त्या म्हणाल्या. “चक्कर खरी आहे. तुम्ही नाटक करत नाही. पण ती काळजीतून येतेय.”

“मला कसलीच काळजी नाही.”

“आत्ता नाही. बायकोच्या आजारपणात होती ना? तेव्हा ती कुठे ठेवलीत?”

ओळंब्याला हा प्रश्न मुळीच आवडला नाही. काळजी काय छत्री आहे, कोपऱ्यात ठेवायला? त्याच्या लेखी मनाचं दुखणं म्हणजे काम टाळायचा बहाणा, आणि बहाणे करणाऱ्यांना तो आयुष्यभर हसत आला होता. शिवाय दुकानात कळलं तर? ज्याचं मन हलतं त्याच्या हातात मालक काच देईल का? घरी येऊन त्याने सांगितलं, “कानात दोष आहे. तोल कानातून जातो. गोळ्या दिल्यात.” बायकोने गोळ्या बघायला मागितल्या नाहीत. दुकानातही त्याने हेच सांगितलं. कानाच्या दुखण्याला कोणी हसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकून ठेवायला हात लागतो, आणि त्याचे हात आता दिवसभर काही ना काही धरण्यात गुंतले होते. तो भिंतीच्या कडेने चालू लागला. भिंत संपली की कुंपण, कुंपण संपलं की उभ्या गाड्या. मोकळी जागा आली की एखाद्या धिप्पाड माणसाच्या मागे मागे चालायचा. उन्हाळा असो हिवाळा असो, हातात मिटलेली छत्री. अंघोळ करताना एक हात नळावर. दुकानात उभा राहिला तर पाठ दाराच्या चौकटीला. जितकं धरायचा तितकी चक्कर वाढायची, आणि जितकी वाढायची तितकं तो आणखी धरायचा. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. याचं दुखणं हत्तीच्या पावलाने आलं आणि घरातच राहायला लागलं.

फक्त एका वेळी चक्कर येत नसे. काच हातात असताना. ओळंब्याला वाटायचं, बघा, कामावर मी अजून तोच आहे. कारण उघड होतं. काच हातात आली की त्याला हक्काची भिंत मिळायची, आणि ती भिंत पलीकडून पैलवानाने पेललेली असायची.

पैलवानाला हे मनगटात कळलं. पाच-सहा महिने तो गप्प बसला. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, “भावोजी, एक बोलू? राग मानू नका.”

“बोल.”

“तुम्ही हल्ली काच उचलत नाही. काचेला धरता.”

“कानाचं आहे रे. गोळ्या चालू आहेत.”

“मग बसा ना महिनाभर घरी. मी तोवर दुसरा जोडीदार बघतो.”

“मला काढायला निघालास? तुला मी आणलं इथे.”

पैलवानाने जीभ चावली. “काहीतरीच काय, भावोजी. मी आपलं सहज म्हटलं.” आणि डबा धुवायला उठला. तो लहान होता, हा मोठा होता, आणि नात्यात मोठ्याला दोनदा सांगायचं नसतं. ओळंब्याने त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर फार तर चार लोक हसले असते. हसून विसरले असते.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एका नव्या कचेरीत काचेच्या आडभिंती बसवायचं काम आलं. तिसरा मजला. लिफ्ट काचेपेक्षा बुटकी, म्हणून जिना. पूर्वी जिन्यात ओळंबा खाली राहायचा, कारण वजन खालच्यावर येतं आणि ते मोठ्याने घ्यायचं ही त्याची रीत. पण खालच्याला मान वर करून चालावं लागतं आणि मान वर केली की त्याला गरगरायचं. म्हणून अलीकडे त्याने पैलवानाला खाली घातलं होतं. “तुलाही सवय हवी,” असं वर सांगितलं होतं.

शेवटची काच होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर खिडकीतून ऊन येत होतं आणि पायऱ्यांना नुकतंच पॉलिश झालं होतं. ओळंब्याने पाय कुठे ठेवायचा ते बघायला खाली पाहिलं. काचेतून त्याला खालच्या सगळ्या पायऱ्या एकदम दिसल्या, त्यांच्यावर उन्हाचे पट्टे दिसले, आणि पट्टे हलायला लागले. छातीत धडधड उठली. काच हातात असताना ही पहिलीच वेळ.

‘टेक’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. सकाळपासून तो तीनदा म्हणाला होता, आणि तिसऱ्या वेळी पैलवानाने त्याच्याकडे निरखून पाहिलं होतं. चौथ्यांदा म्हणायची त्याला लाज वाटली. त्याने श्वास रोखला, डोळे मिटले, आणि काच स्वतःकडे ओढून घट्ट धरली.

खालचा कोपरा पैलवानाच्या पंजातून निसटला.

“सोड!” पैलवान ओरडला. या शब्दात लहानमोठं बघायचं नसतं, एवढा वेळच नसतो.

ओळंब्याने ऐकलं. स्वच्छ ऐकलं. पण त्या क्षणी जगात धरायला त्याच्याकडे तेवढी एकच वस्तू होती.

“भावोजी, सोडा!”

त्याने सोडली नाही. सोडली असती तर काच भिंतीकडे कलंडून पायऱ्यांवर फुटली असती आणि दोघांनी एकमेकांना शिव्या देत झाडू मागवला असता. ती त्याच्या मुठींभोवती फिरली, कठड्यावर आपटली, आणि फुटलेला खालचा भाग मागे सरणाऱ्या पैलवानाच्या उजव्या हातावर आला, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये.

आवाज थांबला तेव्हा ओळंबा उरलेला तुकडा धरून तसाच उभा होता. तो पडला नव्हता.

पैलवानाला शस्त्रक्रियेसाठी आत नेल्यावर इस्पितळाच्या बाकावर मालकाने विचारलं, “कुठून सुटली?”

“खालून सुटली,” ओळंबा म्हणाला. हे खरंच होतं.

“ओरडला का तो?”

ओळंब्याचा हात आपोआप कानाकडे गेला. “तुम्हाला माहीत आहे ना माझ्या कानाचं. मला नाही ऐकू आलं.”

कानावर हात ठेवणं म्हणतात ते हेच. चोरासारखा नाही, अगदी शहाण्यासारखा बोलला तो. एक खोटं आधीपासून घरात होतं, त्याच्या आडोशाला दुसरं जाऊन बसलं.

पुढचं बाजाराने जुळवून घेतलं. खालून सुटली म्हणजे पैलवानाच्या हातून सुटली. ऐकू आलं नाही म्हणजे ओरडलाच नाही. ओरडायचं राहिलं आणि घाबरून हात काढला. बिचारा ओळंबा शेवटपर्यंत काच धरून उभा होता, तुकडा हातात होता, लोकांनी डोळ्यांनी बघितलं! हमालांनी पैलवानाचं नाव बदललं. तो आता सोड्या झाला.

पैलवानाच्या तीन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. त्या जोडल्या, पण बोटं मिटेनात. काच उचलणं संपलं. मालकाने त्याला दुकानातच ठेवलं, काचांच्या कोपऱ्यांना पुठ्ठा लावायला. स्टुलावर बसून डाव्या हाताने पुठ्ठा दाबायचा आणि चिकटपट्टी दातांनी तोडायची. “ए सोड्या, पुठ्ठे आण,” असं कोणी म्हटलं की तो उठून आणायचा. त्या दिवसाचं त्याला नीट आठवत नव्हतं. आठवतं असं वाटायचं, पण सगळा बाजार दुसरंच सांगत होता, आणि एकटा माणूस बाजाराविरुद्ध किती दिवस आठवत राहील?

ओळंबा त्या दिवसानंतर दुकानात गेलाच नाही. सगळ्यांना वाटलं, मेहुण्याच्या दुःखाने खचला. तो खचलाच होता. आता घरातही जमीन हलायची. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावलं, त्यातली चार बिनभिंतीची. ती चार तो रांगत जायचा. बावन्न वर्षांचा माणूस. बायको कारखान्यातून यायची तेव्हा तो खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून बसलेला असायचा, आणि तिला वाटायचं की सकाळी मी गेले तेव्हाही हे असेच बसले होते.

तिसऱ्या महिन्यात ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दारातूनच म्हणाली, “बाई, कानाच्या गोळ्या बदलून द्या.” बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. बाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं. दार लोटल्यावर त्यांनी गोळ्यांचं नाव काढलं नाही, एक शब्द रागावल्या नाहीत.

“तुम्ही जितकं धरता,” त्या म्हणाल्या, “तितकं तुमच्या मेंदूला वाटतं की जमीन खरंच हलतेय. नाहीतर हा माणूस धरेल कशाला?”

“मग करू काय?”

“खोलीच्या मधोमध उभे राहा. काही धरू नका. चक्कर येईल. येऊ द्या. श्वास रोखू नका, सावकाश सोडा. ती चढेल, आणि उतरेल. तुम्हाला वाटेल की आता पडणार. मला सांगा, आजवर एकदा तरी पडलात?”

त्याने आठवून पाहिलं. चौकात नाही, घरात नाही, जिन्यात नाही. “नाही.”

“मग झालं तर.”

बाईंना वाटलं त्याला धीर आला. तो मात्र घरी येईपर्यंत एकच गोष्ट घोळवत होता, की मी एकदाही पडलो नाही आणि माझ्यापायी दुसऱ्याचा हात गेला.

तरी त्याने बाईंचं ऐकलं. रोज संध्याकाळी खोलीच्या मधोमध उभा राहायचा. पहिल्या दिवशी अकरा सेकंद. बायको हातात घड्याळ घेऊन बसायची आणि मुद्दाम त्याच्याकडे बघायची नाही, म्हणजे त्याला लाज वाटू नये. चक्कर आली की हात आपोआप पसरायचे. तो ते खाली आणायचा आणि तोंडाने फूऽऽ करून श्वास सोडायचा. “चहा गार करताय का?” बायको म्हणायची. त्या घरात सहा महिन्यांत झालेला हा एकमेव विनोद, आणि तो तिने रोज केला.

अकराचे चाळीस झाले. मग दोन मिनिटं. मग जिना, मग गल्ली, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध. छत्रीशिवाय. चक्कर गेली नाही. ती यायची, त्याच्याबरोबर थोडं चालायची, आणि मागे राहायची. चक्कर पूर्वी सगळं डोकं व्यापायची. आता मध्ये मध्ये डोकं रिकामं राहायला लागलं, आणि रिकाम्या डोक्यात पैलवान येऊन बसला. बरं होण्यातली ही गोम त्याला कोणी सांगितली नव्हती.

सातव्या महिन्यात बायको एका रविवारी भावाकडून परत आली. ओळंबा खोलीच्या मधोमध उभा होता. ती पिशवी ठेवता ठेवता सांगू लागली.

“शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायला शिकलाय तो. मला लावून दाखवली. पाचही.” मग म्हणाली, “मला विचारत होता, ताई, मी खरंच ओरडलो नसेन का गं? मला तर ओरडल्यासारखं आठवतं. मग स्वतःच म्हणाला, पण भावोजी खोटं कशाला सांगतील.”

ओळंब्याखालची फरशी उचलली गेली. त्याने काही धरलं नाही. धरायला हात पुढे गेला होता, तो त्याने परत आणला.

“मी ऐकलं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“तो ओरडला होता. दोनदा. मी सोडली नाही.”

“पण तुमचा कान...”

“कानाला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. हे मनाचं आहे. बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.”

बायको पलंगाच्या कडेवर बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “मला कशाला सांगताय? माझे दोन्ही हात शाबूत आहेत. त्याला सांगा.”

“सांगतो.”

“घरी बोलावून नाही. जिथे त्याला नाव ठेवलं तिथे जाऊन सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा ठेवला, कपाकडे बोट दाखवलं आणि कामावर गेली. नवऱ्याच्या चुकीपेक्षा त्याच्या मानेचा ताठा तिला जास्त लागला होता. गाठीच्या वेळी या माणसाने तिला पाणी दिलं, धीर दिला, पण मला भीती वाटतेय एवढं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर दोघं मिळून रडली असती, आणि तिच्या भावाचा हात राहिला असता. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही, पण शिवणाच्या मशीनवर ती दिवसभर हेच शिवत होती.

ओळंबा अकराच्या सुमाराला निघाला, चहाच्या सुट्टीत सगळे एकत्र भेटावेत म्हणून. गल्लीपर्यंत ठीक गेलं. चौकात रस्ता दबायला लागला. तो थांबला, श्वास सोडला, पुन्हा चालला. खांबाजवळून गेला आणि खांबाला हात लावला नाही. माणसं धक्के मारून पुढे जात होती. एकाने “काका, सरका की” म्हटलं. ओळंब्याच्या बनियनला पाठीमागे घामाची ओल आली होती, आणि त्याला सारखं वाटत होतं की आज मात्र पडणार. पडलो तर बरं, असंही एकदा वाटून गेलं. पडला तर लोक उचलून घरी नेतील आणि सांगायचं राहून जाईल. पण तो पडला नाही. पाय आपलं ऐकत नाहीत असं त्याला वाटायचं, आज मात्र ते मुकाट्याने त्याला नको तिथे घेऊन गेले.

दुकानासमोर ट्रक वळवायचं मोठं सिमेंटचं अंगण आहे. दोन्ही बाजूंना लाकडी घोड्यांवर काचा टेकवलेल्या. तिथे कशालाच हात लावता येत नाही, हे काचवाल्याला सांगावं लागत नाही. ओळंबा मधून चालू लागला तेव्हा दोन्हीकडच्या काचांत दहा-बारा ओळंबे चालू लागले, आणि एकही सरळ चालत नव्हता.

“आले, आले!” कोणीतरी ओरडलं. हमाल कप हातात घेऊन उभे राहिले. मालक आतून बाहेर आला. “अरे, खुर्ची आणा यांना!”

“नको,” ओळंबा म्हणाला. “उभ्यानेच सांगायचंय.”

पैलवान स्टुलावर होता. गुडघ्यांमध्ये काच धरून कोपऱ्याला पुठ्ठा लावत होता. दातांत चिकटपट्टी होती. भावोजींना बघून त्याने ती काढली आणि हसला. तेवढ्या हसण्याने ओळंब्याचं अंगण पुरतं कलंडलं. त्याने पाय थोडे फाकले आणि तोंडाने श्वास सोडला. सगळे बघत होते. बघू देत.

“माझ्या कानाला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “मला चक्कर येते ती भीतीने येते. आत्ताही येतेय. त्या दिवशी जिन्यात आली. मी ‘टेक’ म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. काच मी ओढली, म्हणून याच्या हातून सुटली. हा ओरडला. मी ऐकलं, आणि तरी धरून ठेवली. याने नियमाने सोडली. चूक माझी आहे. याला सोड्या म्हणायचं नाही.”

एका हमालाने कपातला चहा उगाच हलवला. “बरं, झालं ते झालं,” मालक पुटपुटला, कारण मालकांना असंच काहीतरी म्हणावं लागतं.

पैलवान उठला. काच जपून भिंतीशी ठेवली, कोपरा नीट टेकला आहे ना हे बघितलं, आणि ओळंब्याच्या समोर येऊन उभा राहिला. आता मारेल, असं ओळंब्याला वाटलं. मारावं, असंही वाटलं.

“मी ओरडलो होतो?” पैलवानाने विचारलं.

“होय.”

“मोठ्याने?”

“मोठ्याने. जिन्यात घुमलं.”

“काय म्हणालो?”

“पहिल्यांदा ‘सोड’ म्हणालास. मग ‘भावोजी, सोडा’ म्हणालास.”

पैलवान हमालांकडे वळला. “ऐकलं ना? मी ओरडलो होतो. दोनदा.” कोणी मान वर केली नाही, तर तो एकेकाच्या समोर जाऊन सांगू लागला. “तुला मी काय सांगत होतो? सांगत होतो ना? मी ओरडलो होतो.” त्याचा चेहरा उजळला होता. सात महिन्यांत कोणी त्याला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं, आणि बघणाऱ्यांना ते बघवत नव्हतं. ओळंब्याला तर त्याने थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं.

मग पैलवानाने खिशातून फोन काढला. उजव्या हाताची तीन बोटं तशीच सरळ राहिली. फोन त्याने छातीशी दाबून धरला आणि डाव्या अंगठ्याने एकेक आकडा शोधत लावला.

“ताई? अगं ऐक ना, मी ओरडलो होतो! हो, दोनदा. भावोजींनी स्वतः सांगितलं, सगळ्यांसमोर. मी म्हणत नव्हतो तुला? ताई? अगं, रडतेस काय, चांगली गोष्ट आहे ना ही.” तो थांबला, ऐकत राहिला, आणि मग त्याने वळून अंगणाच्या मधोमध बघितलं. आवाजातला आनंद हळूहळू उतरला.

“हो,” तो म्हणाला. “इथेच आहेत. उभे आहेत.”